मालदीवच्या लष्कराचा इतिहास : साधनांचें परीक्षण

हिंदी महासागरांतील मालदीव बेटांच्या लष्कराचा इतिहास हल्लीं ज्या स्वरूपांत सांगितला जातो, त्याची मांडणी थोडक्यांत अशी आहे. इ. स. १५७३ मध्यें उतीमु बेटाच्या मुहम्मद तकुरुफानूनें पोर्तुगीजांस माले येथून हांकून लाविलें. गादीवर बसल्यावर त्यानें पहिली खडी फौज उभारली. त्याच फौजेस २१ एप्रिल १८९२ रोजीं नवी घडण मिळाली. आणि नांवें पालटीत पालटीत तीच आज राष्ट्रीय संरक्षण दल म्हणून उभी आहे. विजयी वीर, त्याची फौज, आणि त्या फौजेची साडेचारशें वर्षांची अखंड परंपरा, अशी ही सुबक मांडणी आहे. साधनें तिला कितपत दुजोरा देतात, हें पाहणें हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. माझें मत आरंभींच सांगून टाकितों. या बेटांत फौज जुनी आहे, तकुरुफानूहूनहि जुनी आहे. परंतु ती राजवाड्याची फौज होती. परचक्रापासून बेटें जेव्हां सोडविलीं गेलीं तेव्हां तें काम बहुधा दुसऱ्यांनीं केलें, आणि त्या दुसऱ्यांचा इतिहास या सुबक मांडणींत लोपून गेला आहे.

हा विषय आमच्या वाचकांस अगदींच परका वाटण्याचें कारण नाहीं. मालेच्या गादीवरून निघून गेलेला सुलतान हसन हा इ. स. १५५२ मध्यें कोचीन येथें ख्रिस्ती होऊन 'दों मानुएल' झाला, व त्याचा वंश पुढें गोव्याच्या पोर्तुगीज सरकारच्या आश्रयानें मालदीवच्या गादीवर हक्क सांगत राहिला. ज्या फ्रेंच गृहस्थाच्या साक्षीवर या लेखाची बरीच मदार आहे तो पिरार्दहि मालदीवहून सुटल्यावर गोव्यास येऊन पोर्तुगीजांच्या फौजेंत राहिला होता.

आतां साधनें. सर्वांत जुना उल्लेख चोलांचा. राजराजाच्या शिलालेखांत समुद्रांतील बारा हजार प्राचीन बेटें जिंकल्याचें सांगितलें आहे, आणि तीं मालदीवचींच असें विद्वान मानितात. पुढें सहाशें वर्षांनीं मालेचा सुलतान स्वतःस तेरा प्रांतांचा व बारा हजार बेटांचा धनी म्हणवितो असें पिरार्द लिहितो. प्रत्यक्षांत बेटें सुमारें बाराशें. संख्या जिंकणाऱ्याची असो वा धन्याची, ती प्रशस्तींतली आहे, मोजणींतली नाहीं. त्यानंतरचे ताम्रपट, ज्यांस तेथें 'लोमाफानु' म्हणतात. इस्दू बेटाचा ताम्रपट इ. स. ११९४-९५ चा आहे. यांतील 'लो' हा आमच्या 'लोह' शब्दाचाच अपभ्रंश. आणि लोह म्हणजे तांबें हा संस्कृतांतील जुना अर्थ येथें अजून जिवंत आहे, ही गोष्ट संस्कृताभ्यासी वाचकास मोठी गोड वाटेल. परंतु ताम्रपट धर्मादायाचे आहेत. फौजेविषयीं प्रत्यक्ष साक्ष देणारे ग्रंथ तीनच : इब्न बतूता, पिरार्द, आणि मालेची अरबी 'तारीख'. या सर्वांस एकत्र करणारा चौथा ग्रंथ बेलसाहेबांचा.

इब्न बतूता इ. स. १३४३ च्या अखेरीस मालदीवांत उतरला आणि १३४४ मध्यें तेथून निघाला. तेव्हां गादीवर खदीजा नांवाची राणी होती. येथें एक कालविषयक अडचण आहे, ती नोंदवून पुढें जावें. तारीखेच्या आधारें जी राजावळी लावितात तींत खदीजेचें राज्यारोहण इ. स. १३४७ मध्यें येतें. इब्न बतूता मात्र तिच्याच दरबारीं तीन-चार वर्षें आधीं काजी होता. यांपैकीं एक चुकीचें असलें पाहिजे. जो मनुष्य राणीच्या वजिराशीं भांडला आणि तिच्या नात्यागोत्यांत लग्नें करून बसला, त्यास गादीवर कोण होतें याचा विसर पडेल हें संभवत नाहीं. तेव्हां येथें तारीखेस माघार घ्यावी लागते, आणि ज्या ग्रंथास चौदाव्या शतकांतील राण्यांचीं वर्षें नीट ठाऊक नाहींत त्याच्या इतर जुन्या वर्षांकडेहि सावधपणेंच पाहावें लागतें.

राणीची फौज सुमारें एक हजार होती असें इब्न बतूता सांगतो. त्यांत बहुतेक परदेशी व थोडे एतद्देशीय. ते रोज दरबारीं येऊन मुजरा करून जात. त्यांचें वेतन तांदुळांत, दरमहा बंदरावरून मिळे. महिना भरला कीं ते येऊन वजिरामार्फत सलाम कळवीत आणि वेतनासाठीं आल्याचें सांगत. हें चित्र मोठें बोलकें आहे. ज्या बेटांत भात पिकत नाहीं तेथें तांदूळ हा बाहेरून आलेला, म्हणजे व्यापाराच्या जकातीवर उभा असलेला पगार होय. फौज परदेशी, पगार परदेशी, काम मुजऱ्याचें. बेटांतील लोकांविषयीं तो म्हणतो कीं ते अशक्त असून लढाईची त्यांस संवय नाहीं व प्रार्थना हेंच त्यांचें शस्त्र.

प्रवाशाच्या अशा शेऱ्यास किती किंमत द्यावी, असा आक्षेप येथें येईल. सामान्यतः थोडीच द्यावी. परंतु हा साक्षीदार सामान्य नव्हे. वजिराशीं बिनसल्यावर तो मअबरास, म्हणजे मदुरेकडील सुलतानाकडे गेला. हा सुलतान त्याचा साडू. तेथें या दोघांनीं मालदीवावर आरमार पाठविण्याचा बेत केला व जहाजांची तयारी आरंभिली. तीन महिने त्या बाजूस जातां येणार नाहीं असें आरमाराच्या प्रमुखानें सांगितल्यामुळें तो बेत लांबला व अखेर राहूनच गेला. म्हणजे ज्यानें राणीचे शिपाई मोजले तो पुढें तिच्या राज्यावर चालून येण्याचें मनांत आणणारा होता. असा मनुष्य शत्रूचें बळ उगाच कमी लेखणार नाहीं. चुकल्यास स्वतःचीच मान जाणार. म्हणून त्याची ती हजाराची संख्या मला या सर्व इतिहासांतील विश्वसनीय आंकड्यांपैकीं एक वाटते. आणि तिच्यामुळें तकुरुफानूनें 'पहिली' खडी फौज उभारली या विधानास, तो जन्मण्यापूर्वीं दोनशें वर्षें, बाध येतो.

पिरार्दची साक्ष याहूनहि मोलाची आहे. 'कॉर्बिन' नांवाचें फ्रेंच जहाज इ. स. १६०२ च्या जुलैमध्यें येथील खडकांवर फुटलें, आणि त्यावरील हा मनुष्य १६०७ पर्यंत जवळजवळ पांच वर्षें मालदीवांत अडकून पडला. तो भाषा शिकला, राजाच्या मर्जींतला झाला. राजा म्हणजे तकुरुफानूचा पुत्र इब्राहीम. म्हणजे पोर्तुगीज गेल्याला अवघीं तीस वर्षें झालीं होतीं, आणि त्या घटनेंत भाग घेतलेले म्हातारे अजून हयात असलेच पाहिजेत. त्याचा ग्रंथ प्रथम १६११ मध्यें व वाढवून १६१९ मध्यें निघाला. ग्रे यांनीं बेलच्या साहाय्यानें केलेलें इंग्रजी भाषांतर १८८७ ते १८९० च्या दरम्यान प्रसिद्ध झालें, आणि त्यावरील टीपा अजूनहि वाचनीय आहेत.

पिरार्द सांगतो कीं राजाचे पहारेकरी सहाशें होते. त्यांच्या शंभर शंभरांच्या सहा तुकड्या, आणि प्रत्येकीवर एक 'मुस्कुली'. दिवेही भाषेंत या शब्दाचा अर्थ वडील, वृद्ध असा आहे. शिवाय आणखी दहा तुकड्या मोठमोठ्या सरदारांच्या हाताखालीं असत, पण त्या राजाच्या अंगरक्षणास नसत. या तुकड्यांत शिरण्यासाठीं लोक पैसे भरीत. कांहीं भाग राजास जाई, कांहीं तुकडींतील लोकांस वांटला जाई. शिपाई झालेल्यास मान व कांहीं विशेष सवलती मिळत, म्हणून पैसेवाले लोक त्यासाठीं धडपडत. गुलामांस मात्र तेथें मज्जाव होता. इब्न बतूताच्या चित्राशेजारीं हें चित्र ठेवून पाहावें. अडीचशें वर्षांत तांदूळ घेऊन मुजरा करणारे परके शिपाई गेले आणि पैसे भरून शिपाई होणारे घरचे प्रतिष्ठित लोक आले. हा फरक मोठा आहे, आणि तो तकुरुफानूच्या कारकिर्दींत घडला असणें अगदीं शक्य आहे. तेव्हां परंपरेस तिचा वांटा अवश्य द्यावा : त्यानें पहिली फौज केली नाहीं, परंतु फौज एतद्देशीय केली असें म्हणण्यास जागा आहे. पण म्हणून ती लढाऊ झाली काय?

याचें उत्तर पिरार्दच देतो. इ. स. १६०७ च्या फेब्रुवारींत बंगालकडून सोळा गलबतांचें आरमार मालेवर आलें. त्यांस मुख्यतः तोफा हव्या होत्या. खुद्द 'कॉर्बिन'वरील तोफा राजानें काढून आणिल्या होत्या, त्यांची वार्ता दूरवर गेली होती. बेट राखण्यासाठीं सहाशें पहारेकरी लढले असें पिरार्द कोठेंहि म्हणत नाहीं. जो तो पळत होता. राजा बायकांसह नावेंत बसून निघाला, गांठला गेला आणि मारला गेला. आरमारानें तोफा व खजिना नेला. पोर्तुगीजांस हांकणाऱ्या वीराच्या पोटच्या मुलाची ही गत, त्याच वीरानें उभारली म्हणतात त्या फौजेच्या देखत! ज्या तोफा फौजेजवळ होत्या त्याच शत्रूच्या येण्याचें कारण झाल्या, हें तर आणखीच विचार करण्यासारखें आहे.

येथें भाषेसंबंधीं एक गोष्ट सांगावीशी वाटते. पिरार्द मुख्य काजीस 'पंडियार' म्हणतो. आजचा शब्द 'फंडियारु' आहे. दिवेही भाषेंत जुन्या 'प'चा 'फ' झाला तो त्याच्या नंतर, हें यावरून दिसतें. 'पंच'चें 'फस्', 'पत्र'चें 'फत्' हीं याच मालेंतलीं उदाहरणें. फौजेसाठीं तेथें चालणारे 'लश्करु' व 'सिफैन' हे शब्द आमच्या 'लष्कर' व 'शिपाई' यांचे सख्खे भाऊ आहेत, मूळ फारसी. कांहीं लोक अशा शब्दांच्या रूपांवरून संस्थेचें वय काढूं पाहतात. तसें करूं नये. ज्या भाषेंत 'प'चा 'फ' होतो तिच्यांत काल आलेला शब्दहि तोच पोशाख घालील. आणि तकुरुफानु या नांवांतील 'तकुरु' हा आमचा 'ठक्कुर' असला तरी त्यावरून त्याचें कुळ कोणी शोधूं जाऊं नये. तो मानाचा शब्द आहे, इतकेंच.

आतां खुद्द १५७३. इ. स. १५५८ मध्यें सुलतान अली पोर्तुगीजांशीं लढतांना पडला, आणि अंद्रेआस आंद्रे, ज्यास बेटांतील लोक 'अंदिरि अंदिरीन' म्हणतात, तो मालेंत कारभार करूं लागला. तकुरुफानु व त्याचे दोघे भाऊ यांनीं 'कळुओफुम्मि' नांवाच्या नावेंतून कित्येक वर्षें उत्तरेकडील बेटांत रात्रीं छापे घातले व दिवसा ते दडून राहिले. मलबारकडून कन्नूरच्या अलीराजाची मदत मिळविली. आणि अखेर हिजरी ९८१ च्या रबिउल्अव्वल महिन्याच्या पहिल्या तारखेस माले घेतली. ती तिथि आज तेथें राष्ट्रीय दिन म्हणून पाळतात. चांद्रमासाची असल्यामुळें इंग्रजी पंचांगांत ती दरवर्षीं सरकते. सर्व कथा खरी धरली तरी तिच्यांतच तिच्यावरील भाष्याचें खंडन आहे. फौज विजयानंतर उभारली गेली असें परंपराच सांगते. मग विजय फौजेचा कसा? तो एका नावेचा, खडकांमधल्या खाडींतून अंधारांत नाव काढणाऱ्या तांडेलांचा, आणि दिवसा त्यांस लपवून अन्न देणाऱ्या बेटकऱ्यांचा. ज्या समुद्रांत 'कॉर्बिन'सारखें जहाज फुटतें तेथें रात्रीं नाव हांकणें हेंच खरें युद्धकौशल्य होतें, आणि तें मुस्कुलींच्या तुकड्यांत शिकविलें जात नव्हतें.

हा विजय निर्भेळ नव्हता, हेंहि सांगणें जरूर आहे. पोर्तुगीजांशीं पुढें तह झाला आणि ख्रिस्ती झालेल्या राजवंशास मालेहून नेमणूक पोंचत राहिली. स्वातंत्र्य मिळालें, पण वार्षिक देणें राहिलें. मराठ्यांच्या इतिहासांतील तह वाचलेल्यास यांत नवल वाटणार नाहीं.

तारीखेविषयीं चार शब्द स्वतंत्रपणें लिहिणें अवश्य आहे, कारण सर्व घोटाळा तिच्या वापरण्यांतून होतो. तिचा मूळ कर्ता हसन ताजुद्दीन इ. स. १७२७ मध्यें वारला. म्हणजे १५७३ पासून तो जवळजवळ दीडशें वर्षें दूर. त्याच्या कथनाचें वजन सभासदाच्या बखरीचें नव्हे, चिटणिशी बखरीचें. उलट त्याच्या मृत्यूनंतर त्याच्याच घराण्यांतील मुहिबुद्दीन व सिराजुद्दीन यांनीं ग्रंथ पुढें चालविला व तो १८२१ पर्यंत आणिला. म्हणून १७५२ मध्यें कन्नूरच्या अलीराजाच्या लोकांनीं माले घेतली, सुलतान इमादुद्दीनास पकडून नेलें, आणि तीन महिने वीस दिवसांनीं हसन मणिकुफानूनें तें सोडविलें, हें वृत्त मूळ कर्त्याचें नसून पुढच्या हाताचें, व म्हणून काळानें कितीतरी जवळचें आहे. तीन हातांच्या ग्रंथास एकच ग्रंथ समजून पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत सारखाच विश्वास टाकणें, किंवा सारखाच अविश्वास दाखविणें, दोन्हीं चुकीचें. अलीराजाची गंमत पाहा : १५७३ मध्यें तो सोडविणारा, १७५२ मध्यें तो धरणारा. आणि याहि वेळीं बेट सोडविलें तें दरबारच्या फौजेनें नव्हे, तर एका धाडसी मनुष्यानें जमविलेल्या मंडळीनें. राजाची फौज राजाबरोबरच निकामी झाली होती.

बेलसाहेबांचे उपकार या क्षेत्रांत फार मोठे आहेत. ते १८७९ मध्यें तेथें प्रथम गेले, पुढें १९२० व १९२२ मध्यें गेले, आणि तारीख, दिवेही राजावळी, ताम्रपट व 'फत्कोळु' नांवाच्या सनदा यांचा उपयोग त्यांनींच प्रथम पद्धतशीरपणें केला. परंतु त्यांचा मुख्य ग्रंथ १९४० मध्यें, त्यांच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनीं, निघाला. त्यावर शेवटचा हात त्यांचा फिरलेला नाहीं. आतां हिकोइची याजिमा या जपानी पंडितानें तारीखेचा अरबी पाठ १९८२ मध्यें तोकियो येथें छापून काढिला आहे. तेव्हां फौजेविषयीं लिहिणाऱ्यानें बेलच्या सारांशावर न थांबतां मूळ पाठ उघडणें हें आतां त्याचें कर्तव्य झालें आहे. अजूनहि पुष्कळ जण तसें करीत नाहींत.

१८९२ च्या स्थापनेविषयीं फार लिहिण्यासारखें नाहीं. १६ डिसेंबर १८८७ च्या करारानें बेटें इंग्रजांच्या संरक्षणाखालीं गेलीं. बाहेरच्या शत्रूची काळजी परक्यानें पत्करल्यावर पांच वर्षांनीं जी फौज घडविली गेली ती कशासाठीं, हें सांगावयास नको : दरबार, मिरवणूक आणि मालेंतील बंदोबस्त. इब्न बतूतानें पाहिलेला मुजरा येथें पुन्हा भेटतो.

परंतु यानंतरची एक मोहीम अशी आहे कीं तिच्याविषयीं विजयाच्या कथांत शब्दहि नसतो. १९५९ मध्यें दक्षिणेकडील अड्डू, हुवदू इत्यादि बेटांनीं मालेपासून फुटून 'सुवादिव' नांवाचें प्रजासत्ताक स्थापिलें. मुख्य प्रधान इब्राहीम नासिर हे सशस्त्र नाव घेऊन स्वतः हुवदूकडे गेले, आणि १९६२ मध्यें तिनदू बेटावरील सर्व वस्ती जबरदस्तीनें उठविण्यांत आली. १९६३ पर्यंत तें प्रजासत्ताक संपलें. १८९२ नंतर या दलानें समुद्र ओलांडून केलेली ही ठळक मोहीम, आणि ती स्वतःच्याच बेटकऱ्यांवर. ज्या बेटकऱ्यांच्या नावांनीं १५७३ चा विजय मिळविला त्यांच्याच जातीचे हे लोक. इतिहास लिहिणाऱ्यानें तकुरुफानूच्या नावेचें वर्णन दहा पानें करावें आणि तिनदूच्या नावांस एक ओळहि देऊं नये, हें मला न्यायाचें वाटत नाहीं. शाळेंत मुलांस राजांच्या सनावळ्या पाठ करून घेण्यांत माझीं कित्येक वर्षें गेलीं. परंतु घर सोडून निघालेल्या वस्तीचें सालहि सनावळींत असलें पाहिजे.

देश २६ जुलै १९६५ रोजीं स्वतंत्र झाला. दलाचें नांव १९७९ मध्यें राष्ट्रीय सुरक्षा सेवा असें झालें, आणि तटरक्षक शाखा १ जानेवारी १९८० रोजीं निघाली. बाराशें बेटांच्या राष्ट्रास समुद्र राखणारी स्वतंत्र शाखा इतक्या उशिरां सुचावी, ही एक गोष्टच माझ्या प्रतिपादनास पुरेशी आहे. पोलीस व सैन्य यांची फारकत तर २००४ मध्यें झाली. 'राष्ट्रीय संरक्षण दल' हें नांव २१ एप्रिल २००६ पासूनचें.

३ नोव्हेंबर १९८८ चा प्रसंग मात्र वेगळा काढला पाहिजे. लंकेहून नावांनीं आलेल्या सुमारें ऐंशीं तमिळ सशस्त्र लोकांनीं, एका मालदिवी बंडखोराच्या चिथावणीवरून, पहांटे माले धरली. त्या वेळीं सुरक्षा सेवेच्या शिपायांनीं आपलें मुख्य ठाणें सोडलें नाहीं. राष्ट्राध्यक्ष हातीं लागले नाहींत. त्याच रात्रीं आग्र्याहून उडालेलें हिंदी छत्रीधारी सैन्य हुलुले येथें उतरलें, आणि पळून जाणारें जहाज हिंदी नौदलानें पकडलें. एकोणीस माणसें मेलीं. या दलाच्या इतिहासांत स्वतःच्या जागीं उभें राहून लढल्याचा हा सर्वांत निःसंदेह पुरावा, आणि तो दंतकथेवर नव्हे तर जिवंत साक्षींवर उभा आहे. यासाठीं तकुरुफानूची उसनी परंपरा लागत नाहीं.

शेवटीं संग्राहकांस एक विनंति. ख्रिस्ती झालेल्या मालदिवी राजवंशासंबंधींचा व मालेहून येणाऱ्या नेमणुकीसंबंधींचा पोर्तुगीज पत्रव्यवहार शोधावयाचा तर पणजीच्या दप्तरखान्यांत व तेथील जुन्या नकलांतच शोधावा लागेल. ज्यांच्या संग्रहीं अशा नकला असतील त्यांनीं त्यांत मालेच्या किल्ल्यांतील शिबंदी, तिचा खर्च, आणि १५७३ नंतरच्या तहाचीं कलमें एवढ्या तीन गोष्टी मुद्दाम पाहाव्यात, व आढळेल तें याच त्रैमासिकांत मूळ पाठासह छापावें. नुसतें भाषांतर पाठवूं नये.